मागचाच आकडा

गावात सगळे तिला मोजणीबाई म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. मोजणं हेच तिचं काम होतं. पोरांची वजनं, म्हाताऱ्यांची साखर, पोटुशी बायकांचा बीपी. आरोग्य केंद्राची पिशवी खांद्याला अडकवून दर मंगळवारी ती एकोणचाळीस घरं पालथी घालायची, आणि वर गावाबाहेरची वीटभट्टी. बावीस वर्षं हे चाललं होतं. कुणाच्या सुनेला कितवा महिना, हे तिला त्या घरच्यांच्या आधी ठाऊक असायचं. तिचा नवरा विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, म्हणून तो मिस्त्री. तो म्हणायचा, हिच्यापासून काही लपवायचं असेल तर माणसानं आजारीच पडू नये.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. विहिरी तळाला गेल्या. पाणी उतरलं की मोटारी कोरड्या फिरतात आणि जळतात, त्यामुळे मिस्त्रीला जेवायची उसंत नव्हती. शेतात काम उरलं नाही, तशी निम्मी माणसं भट्टीवर विटा पाडायला गेली. पण ज्या गुरुवारची ही गोष्ट, त्या सकाळी मोजणीबाईच्या घरात उन्हाची कुणाला पडली नव्हती. तिथं तिच्या धाकट्या लेकीकडे पाहुणे यायचे होते.

तसले पाहुणे नव्हेत. शेजारच्या काकूला आधी तसंच वाटलं होतं, आणि चार खुर्च्या द्यायला ती हसत हसत आली होती. खरं कळल्यावर तिचा चेहरा उतरला, पण खुर्च्या तेवढ्या ठेवून गेली.

धाकटी कॉम्प्युटर शिकलेली. शहरात बरी नोकरी होती, ती अकरा महिन्यांपूर्वी सोडून आली आणि धान्याच्या खोलीत टेबल टाकून बसली. आई एकच गोष्ट तीन वह्यांत लिहिते, आणि त्या वह्या महिन्याला एकदा गाडीत घालून वरच्या दवाखान्यात जातात, तोवर आजारी माणूस बरा तरी होतो नाहीतर जातो तरी. हे तिच्या डोक्यात बसलं होतं. मग तिनं मोबाईलवर चालणारं एक ॲप बनवलं. आईनं कुणाच्याही घरात बसून आकडा भरला की त्याच क्षणी तो दवाखान्यात दिसायचा. बरा असेल तर ओळ हिरवी, जरा बिघडला तर पिवळी, धोक्याचा असला तर लाल. गावानं तिची यथेच्छ चेष्टा केली. शहरातली खुर्ची सोडून पोरगी मोबाईलवर बायका मोजते म्हणे. धाकटी कुणाला उत्तर देत नसे. रात्रंदिवस काम करून तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि आज शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची माणसं ते ॲप बघायला येणार होती. पसंत पडलं तर दोनशे गावांत चालणार. नाही पडलं तर ज्या दारातून ताठ मानेनं बाहेर पडली, त्याच दारात जाऊन पुन्हा उभं राहायचं.

मोजणीबाईनं अंगण झाडलं, पाणी भरलं, चहा टाकला. मिस्त्री चहा फुंकत बसला होता. आदल्या संध्याकाळी तो भट्टीची मोटार बसवून आला होता. त्यानं सहज सांगितलं, की ती बाराशेवाली आहे ना, तिला काल ऊन लागलं वाटतं. मी तीन हातांवर उभा, तर मला मुकादम समजून दोनदा बोलली. कपाळाला फडकं आवळून बांधलेलं, आणि पाय असे सुजलेले की चपला चढेनात, अनवाणीच चालली होती तापल्या जमिनीवर.

मोजणीबाईच्या हातातला पेला तिथंच थांबला.

बाराशेवाली म्हणजे भट्टीवरची एक तरणी बाई. दिवसाला बाराशे विटा पाडायची, म्हणून ते नाव. आठवा महिना लागला तरी ती हजाराच्या खाली उतरली नव्हती. बसून, पाय दुमडून, साच्यात माती मारायची आणि साचा पालथा घालायचा. पोट मध्ये येतं म्हणून हल्ली ती एका अंगावर कलून बसायची.

"डोकं दुखतंय म्हणाली का?" मोजणीबाईनं विचारलं.

"मला कशाला म्हणेल? मी मोटारीचा डॉक्टर."

ती हसली नाही. आठव्या महिन्यात पाय सुजणं, डोकं आवळून धरणं आणि डोळ्यांना नीट न दिसणं, हे तिन्ही एकत्र आलं की काय होतं ते तिनं एकदा बघितलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. त्या बाईला झटके आले तेव्हा मोजणीबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि दवाखाना यायच्या आत मांडीवरचं डोकं जड झालं होतं. ते जडपण अजून तिच्या मांडीला आठवत होतं.

तिनं मोबाईल काढून बाराशेवालीची ओळ उघडली. ओळ हिरवी होती. मंगळवारचा आकडा एकशे अठरा, खाली शहात्तर. वरच्या दवाखान्यातला डॉक्टरही हेच बघत असणार, आणि ही बाई ठणठणीत आहे म्हणून पुढच्या ओळीकडे जात असणार. पण तो आकडा तिनं मंगळवारी मोजलाच नव्हता.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर कुणी तिला कामचुकार म्हणेल, आणि कामचुकार ती नव्हती. तिच्या बोटांना भेगा होत्या. ऊन, राख आणि साबणाचं पाणी यांनी अंगठ्याची कातडी इतकी झिजली होती की मोबाईलला तिचा अंगठा कळायचाच नाही. ती बोट वाकवून पेरानं आकडे दाबायची. एकेक आकडा दोनदा, तीनदा. एकोणचाळीस घरांचे आकडे भरता भरता पेर सुजायचं. धाकटीनं ते बघितलं आणि एका रात्रीत एक बटण करून दिलं. ज्याचं सगळं ठीक आहे, बदल नाही, त्याच्या ओळीवर ते एकदा दाबायचं की मागचा आकडा आपोआप उतरायचा. मोजणीबाई त्याला 'मागचंच' म्हणायची. वजन, उंची, पोरांची नावं, पत्ते, सगळं एका दाबात. तिला ते फार आवडलं. लेकीनं आपल्या बोटांकडे बघितलं, याचंच तिला अप्रूप होतं.

पण ते बटण बीपीच्या रकान्यालाही लागायचं, हे दोघींच्याही ध्यानात नीट आलं नव्हतं.

भट्टीवर पाण्याचा एकच पिंप. मुकादम मोजून द्यायचा. विटा पाडणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले. बीपीचा पट्टा बांधून नळी कोपरावर टेकवायची तर हात धुवायला हवा, आणि हात धुवायचा तर प्यायच्या पाण्यातलं पाणी जातं. शिवाय गारा, म्हणजे कालवलेली माती, त्या उन्हात अर्ध्या तासात सुकायची. मध्ये उठलं की तेवढा गारा वाया, मग मुकादमाची बोलणी. दोन आठवड्यांपूर्वी बाराशेवालीनं मान वर न करता म्हटलं होतं, बाई, आज राहू द्या ना, गारा सुकतोय. मी बरी आहे. आणि मोजणीबाई, चार किलोमीटर उन्हातून चालत आलेली, डोक्यावरचं कापड घामानं चिकटलेली, म्हणाली, बरं. आणि दाबलं मागचंच. पुढच्या मंगळवारी तसंच. परवाच्या मंगळवारी तर ती बांधावरूनच परत फिरली होती. बाराशेवालीनं लांबूनच हात हलवला होता, तोच आपला बरी असल्याचा पुरावा.

तिनं पेला ठेवला, पिशवी उचलली. धाकटी केस विंचरत बाहेर आली.

"आई, कुठं निघालीस? दहाला येताहेत ते. त्यांना तुलाच बघायचंय. वापरणारी तू आहेस."

भट्टीवर जाऊन येते, असं मोजणीबाई म्हणाली. बाराशेवालीला बरं नाही म्हणे.

धाकटीनं तिथल्या तिथं मोबाईलवर ओळ काढून बघितली आणि तिचा चेहरा निवळला. "परवाच तर मोजलंस तू. हिरवी आहे. उन्हानं झालं असेल." मग तिनं आईचा हात धरला. "आजचा दिवस, आई. फक्त आजचा."

तिथंच बोलली असती तर तास वाचला असता. पण माणसाची जीभ अशी, नको तिथं सुटते आणि हवी तिथं टाळूला चिकटते. बावीस वर्षांत तिच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आज लेकीसमोर कुठल्या तोंडानं सांगायचं की तुझ्या हिरव्या ओळीतलं हिरवं खोटं आहे? मिस्त्रीला कोपऱ्यात गाठून तिनं सांगितलं, गाडी काढ, भट्टीवर जा, तिला बघ आणि मला फोन कर. मिस्त्री म्हणाला, मला काय कळतंय त्यातलं. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं अर्धा चहा सोडून मोपेड काढली.

पाहुणे साडेदहाला आले. पांढरी मोठी गाडी, ड्रायव्हर, एक साहेब आणि एक डॉक्टरीणबाई. साहेबांच्या शर्टाला त्या घामातही एक सुरकुती नव्हती. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, पायांत साधी चप्पल, आल्या आल्या पाणी मागून घेतलं आणि दोन पेले प्यायल्या. लाईट नव्हती. धाकटीनं बॅटरीवर लॅपटॉप सुरू केला आणि सांगायला लागली. सुरुवातीला तिचा आवाज कापला, मग लागला. मोजणीबाई दाराशी बसली होती. लेक बोलते किती छान, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी तिचं सगळं लक्ष मांडीवरच्या मोबाईलकडे होतं.

साहेबांनी विचारलं, एका घराला किती वेळ लागतो. धाकटी म्हणाली, वह्या होत्या तेव्हा बारा मिनिटं, आता चार.

"चार? ते कसं काय?"

मग धाकटीनं बटण दाखवलं. साहेबांना ते इतकं आवडलं की ते खुर्चीत पुढं सरकले. आमच्या फिरतीवरच्या बायकांची सगळी बोंब याचीच आहे म्हणाले, तेच तेच भरावं लागतं. मोजणीबाईकडे वळून म्हणाले, बाई, जरा करून दाखवता? मोजणीबाई उठली. एका म्हाताऱ्याची ओळ काढली, बोट वाकवून पेरानं बटण दाबलं. ओळ क्षणात भरली आणि हिरवी झाली. साहेब हसले, आणि वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली. मोजणीबाई परत दाराशी येऊन बसली. लोकांसमोर थोबाडीत मारली असती तरी तिला एवढं लागलं नसतं.

डॉक्टरीणबाई इतका वेळ बोलल्या नव्हत्या. चष्मा वर करून त्या पडद्यावर ओळीमागून ओळ बघत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही कोण?"

भट्टीवरची, धाकटी म्हणाली. आठवा महिना. सगळं नॉर्मल आहे.

"तेच विचारतेय. चार आठवडे एकशे अठरा, शहात्तर. चारही वेळा. माणसाचा बीपी असा जागेवर बसत नाही हो. तुमचा माझा सकाळ-संध्याकाळ बदलतो."

धाकटी आईकडे बघून हसली. आई हळूच सांगेल की मशीन जुनं आहे, किंवा असंच काहीतरी, असं तिला वाटलं असावं. आणि त्याच वेळी मोजणीबाईच्या मांडीवरचा मोबाईल वाजला.

मिस्त्री घाबरला होता. ती झोपडीत पडलीय म्हणाला, दोनदा उलटी झाली. बरगडीखाली दुखतंय म्हणते, आणि दिवा लावा म्हणते. भर दिवसा दिवा लावा म्हणते गं. मुकादम म्हणतो कांदा हुंगवा, ऊन लागलंय. अँब्युलन्सला फोन केला, ती लांब गेलीय, यायला दोन तास.

घरात सगळ्यांना ऐकू गेलं होतं. साहेब म्हणाले, उष्माघात असेल, यंदा फार आहेत. पडद्यावर तर ती ठीक दिसतेय. धाकटीही म्हणाली, हो, परवाच मोजलंय आईनं.

मोजणीबाई उभी राहिली.

"मी मोजलं नाही," ती म्हणाली. "परवा नाही, त्याच्या आधी नाही, आणि त्याच्याही आधी नाही. मी बटण दाबलं. खरं मोजून आज तेवीस दिवस झालेत."

धाकटीनं आईकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग परत आईकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला, आणि ते जाताना मोजणीबाईला बघवलं नाही.

"मला तुमची गाडी पाहिजे," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "तिला झटके येतील."

डॉक्टरीणबाई तोवर चप्पल घालून दारात पोचल्या होत्या.

भट्टीवरची जमीन पायाखाली फुफाट्यासारखी तापली होती. ओल्या विटांच्या रांगा लांबवर गेल्या होत्या, आणि एक रांग मध्येच तुटलेली होती. तिथं साचा तसाच पडला होता, आत माती वाळून भेगाळलेली. झोपडीत बाराशेवाली कुशीवर पडली होती. हातांवर कोपरापर्यंत माती, वाळून पांढरी झालेली. मोजणीबाईला पट्टा बांधता येईना. तिनं मिस्त्रीकडे बघितलं, तसा तो पिंपाकडे गेला. मुकादम आडवा आला, ते प्यायचं पाणी आहे म्हणाला. मिस्त्री आयुष्यात कुणाशी भांडला नव्हता. तो म्हणाला, काल तुझी मोटार मी बसवलीय, आज काढून नेतो. आणि बादली भरून आणली.

तिनं तो हात धुतला. आपल्याच हातांनी, कोपरापासून मनगटापर्यंत. माती निघाली तशी आतली सूज दिसली. बोट दाबलं की खळगा पडत होता आणि भरत नव्हता. तिनं पट्टा बांधला, फुगवला, नळी कानाला लावली.

एकशे अठ्ठ्याहत्तर. खाली एकशे चौदा.

तिनं आकडा मोठ्यानं सांगितला. डॉक्टरीणबाईंनी फक्त "उचला" एवढंच म्हटलं. बाराशेवालीचा नवरा विटांच्या गाड्यावरून धावत आला होता. त्याला पुढं बसवलं. उचलताना बाराशेवालीनं डोळे उघडले, पण ते कुणावरच ठरत नव्हते.

"बाई," ती म्हणाली, "दोनशे राहिल्यात अजून."

"राहू देत," मोजणीबाई म्हणाली.

रस्ता खड्ड्यांचा. मागच्या सीटवर तिला डाव्या कुशीवर घेऊन, डोकं मांडीवर धरून मोजणीबाई बसली. तसंच डोकं, तीच मांडी. अर्ध्या वाटेत झटका आला. अंग ताठ झालं, दातखीळ बसली, पाय दारावर आपटायला लागले. डॉक्टरीणबाई सीटसमोर गुडघ्यांवर बसून सांगत होत्या, आवळू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर ठेवा, श्वास बघा. मोजणीबाई श्वास मोजत राहिली. एक, दोन. मग बराच वेळ काही नाही. मग तीन. तिनं आयुष्यात इतकं मन लावून काही मोजलं नव्हतं. नवरा पुढच्या सीटवर तोंड दाबून रडत होता. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. डॉक्टरीणबाईंनी फोन करून ठेवला होता.

संध्याकाळी ऑपरेशन करून मुलगी झाली. दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवली. बाराशेवालीला दुसऱ्या दिवशी दिसायला लागलं.

मोजणीबाई घरी आली तेव्हा खुर्च्या परत गेल्या होत्या आणि लॅपटॉप मिटलेला होता. गाडी नव्हती म्हणून साहेबांना मिस्त्रीनं मोपेडवर मागं बसवून डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं होतं. त्याचं म्हणणं, इस्त्री मोडेल म्हणून साहेब श्वाससुद्धा बेतानं घेत होते. त्याच्या या गमतीवर कुणी हसलं नाही. धाकटी धान्याच्या खोलीत होती. मोजणीबाई दारात जाऊन उभी राहिली. ओरड तरी माझ्यावर, म्हणाली. धाकटीनं मान हलवली, आणि ती पडद्याकडे बघत राहिली. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, ती आईशी बोललीच नाही. ताट वाढलं तर जेवायची, पेला दिला तर घ्यायची. वाटेत शेजारची काकू भेटली, तिनं विचारलं, काय झालं गं, पसंत नाही पडलं का. मोजणीबाई म्हणाली, माझ्यामुळं नाही पडलं. काकूला काही कळलं नाही, पण गावभर तेवढंच पसरलं.

मंगळवारी पहाटे मोजणीबाईनं पिशवी उचलली, तर धाकटी चप्पल घालून तयार होती. हातात पाण्याचे दोन कॅन. दोघी निघाल्या. पंचवीस घरं झाली, उरलेली उद्यावर राहिली. मोजणीबाई पेरानं आकडे भरत गेली. बीपीच्या रकान्यात बटण कुठं दिसेना. तिनं विचारलं नाही. दुपार झाली, तशी भट्टीची वाट धरली. चार किलोमीटर. अर्ध्यावर धाकटी थांबली आणि कॅन या हातातून त्या हातात घेतला.

"ते बटण मी तुझ्या बोटांसाठी केलं होतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"बीपीला लावायला नको होतं. मला सुचायला हवं होतं. तू चुकलीस, पण आधी मी चुकले."

मोजणीबाईनं एक कॅन लेकीच्या हातातून काढून घेतला, आणि दोघी पुढं चालू लागल्या.

भट्टीवर तुटलेल्या रांगेत दुसरी बाई बसली होती. पाचवा महिना. तिनंही हात न थांबवता म्हटलं, मागच्यासारखाच असेल बाई, लिहून टाका ना, गारा सुकतोय.

"होऊ दे तुझा गारा," मोजणीबाई म्हणाली. "बसते मी."

आणि ती विटांच्या चळतीच्या चिमूटभर सावलीत बसली. धाकटी उभीच होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब होते. तिच्या एका हातात कॅन, म्हणून तिनं स्पीकर लावला.

साहेब चांगलं बोलले. डॉक्टरीणबाईंनी फार शिफारस केलीय म्हणाले. ॲपमध्ये दोष नाही, चूक आकडे भरणाऱ्या बाईंची; अशा बायका बदलता येतात. दोनशे गावांचं नक्की करू. फक्त तुम्ही काल नवीन ॲप पाठवलंय त्यात ते बटण दिसत नाही. ते परत घाला. त्याच्यावरच तर दिवसाला चाळीस घरं होतात.

धाकटी आईकडे बघत होती. मोजणीबाईनं मान खाली घातली. 'अशा बायका' हे तिलाच होतं, आणि खोटं नव्हतं. घाल म्हणावं का लेकीला, असंही तिच्या मनात येऊन गेलं. अकरा महिने, काळे पडलेले डोळे. तिनं तोंड उघडलं, पण धाकटी आधी बोलली.

"पत्त्याला आणि नावाला बटण ठेवलंय, साहेब. बीपीला नाही. तिथं मोजलं तर आकडा, नाहीतर 'मोजलं नाही' असं लिहायचं. ती ओळ राखाडी दिसेल."

हिरवं चालतं, लालही चालतं, साहेब म्हणाले. राखाडी कुणाला दाखवायची? वर विचारतील, बायका काम करत नाहीत का.

"विचारू देत. पाणी का नाही, तेही विचारू देत. चाळीस होणार नाहीत, साहेब. पंचवीस होतील."

मग साहेब म्हणाले, बघतो, कळवतो, आणि फोन ठेवला. धाकटीनं मोबाईल खिशात टाकला. ती आईच्या शेजारी विटांवर टेकली, आणि दोघी त्या बाईचा गारा संपायची वाट बघत बसल्या. ऊन पायांवर सरकत आलं. बावीस विटा झाल्या, मग तीस, मग साचा पालथा पडला.

बाईनं हात पुढं केला. धाकटीनं कॅनमधलं पाणी धरलं, मोजणीबाईनं कोपरापर्यंत माती धुतली, पट्टा बांधला, आणि नळी कानाला लावून डोळे मिटले. एकशे चोवीस. खाली ऐंशी. तिनं बोट वाकवलं आणि पेरानं दाबायला लागली. एक लागला, दोन लागला, चार काही लागेना. धाकटीनं मदतीला हात पुढं केला, तशी तिनं मान हलवली आणि तो चार पुन्हा दाबला.